पेपर टाकण्यापासून लागेपर्यंत : इंदूरच्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी

इंदूरात मोजमापांची चंगळ आहे. खंडवा रोडवर देवी अहिल्या विद्यापीठाच्या आवारात यूजीसी-डीएई सीएसआर हे संशोधन केंद्र, त्याच रस्त्याने पुढे सिमरोळला आयआयटी, आणि राजेंद्रनगरच्या पलीकडे आरआरकॅट या अणुऊर्जा विभागाच्या संस्थेत २.५ जीईव्हीचा इंडस-२ सिंक्रोट्रॉन, म्हणजे नमुने तपासायला तीव्र क्ष-किरण देणारं यंत्र. आडगावच्या कॉलेजातल्या मुलीला जो डेटा मिळवायला महिनोन्‌महिने पत्रव्यवहार करावा लागतो, तो इथल्या मुलांना रिक्षाच्या अंतरावर मिळतो. तरीही डेटा आहे आणि पेपर नाही, अशी अवस्था विभागाविभागात दिसते. अडचण बहुतेक वेळा विज्ञानाची नसते. पेपर कुठे टाकायचा, कसा टाकायचा आणि रिव्ह्यू, म्हणजे विषयातल्या तज्ज्ञांचे शेरे, आल्यावर काय करायचं, हे कोणी समोर बसवून शिकवत नाही. सीनियरचं बघून मुलं शिकतात, आणि सीनियरही कोणाचं तरी बघूनच शिकलेला असतो.

पुढचा क्रम प्रत्यक्ष कामाचाच आहे. त्यात सगळ्यात जास्त जागा रिव्ह्यूअरला द्यायच्या उत्तराला दिली आहे, कारण माझ्या मते बहुतेक पेपर तिथे तरतात किंवा बुडतात, आणि त्याचीच तयारी सगळ्यात कमी होते.

आधी एक वाक्य

लिहायला बसण्याआधी पेपरचा दावा एका वाक्यात मांडा. ‘आम्ही कोबाल्ट मिसळलेल्या झिंक ऑक्साइडच्या पातळ थरांचा अभ्यास केला’ हा दावा नाही, ही नुसती हजेरी झाली. ‘कोबाल्ट जस्ताच्या जागी नीट बसतो, आणि खोलीच्या तापमानाला दिसणारं चुंबकत्व ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांशी जोडलेलं आहे’ हा दावा. यावर कोणी तरी भांडू शकतं. ज्यावर भांडता येत नाही, त्यावर पेपर होत नाही.

हे वाक्य हाती आलं की फिगर आपोआप निवडल्या जातात. दावा ज्यांच्याशिवाय उभा राहत नाही त्या मुख्य पेपरात, बाकीच्या पुरवणी फाइलमध्ये. सीएसआरमध्ये चार उपकरणांवर नमुना फिरवला म्हणून चारही आलेख पेपरात हवेतच, असं काही नाही. लिहिताना आधी फिगर, मग पद्धत आणि निष्कर्ष, मग प्रस्तावना, आणि ॲबस्ट्रॅक्ट सगळ्यात शेवटी. बहुतेक मुलं उलटं करतात आणि प्रस्तावनेतच दोन महिने घालवतात.

कुठे टाकायचा

स्वतःच्या रेफरन्सची यादी उघडा. त्यात जे नियतकालिक पुन्हा पुन्हा येतं, त्याचे वाचक हेच तुमचे वाचक. मग त्याच्या संकेतस्थळावर ‘एम्स अँड स्कोप’ वाचा आणि गेल्या वर्षभरातली शीर्षकं नजरेखालून घाला. आपल्या विषयाचं एकही शीर्षक दिसलं नाही, तर इम्पॅक्ट फॅक्टर कितीही मोहक असो, पुढे चला.

नियमांबद्दल दोन शब्द. प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलेला हवाच, ही देशपातळीवरची सक्ती यूजीसीच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीतून गेली. मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादीही २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाली. पण विद्यापीठाची किंवा विभागाची स्वतःची अट असू शकते. ती पीएच.डी. सेलमध्ये जाऊन लेखी वाचा. कॅन्टीनमध्ये ऐकलेल्या नियमावर तीन वर्षांचं काम लावू नका.

यादी गेल्यामुळे बनावट नियतकालिकं ओळखण्याची जबाबदारी आपल्यावर आली. ‘रिस्पेक्टेड प्रोफेसर’ म्हणून एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यालाही आमंत्रण येतं, आठवड्याभरात स्वीकृतीचं आश्वासन असतं, फीचा आकडा स्वीकारल्यानंतरच कळतो, आणि मुखपृष्ठावर आयएसएसएन ठळक छापलेला असतो. आयएसएसएन हा फक्त ओळखक्रमांक आहे, त्याचा दर्जाशी काही संबंध नाही. ‘आम्ही स्कोपसमध्ये आहोत’ असं नियतकालिक म्हणत असेल, तर ते स्कोपस या संदर्भसूचीच्या स्वतःच्या यादीत शोधा. ओपन ॲक्सेस, म्हणजे सगळ्यांना फुकट वाचता येणारं, असेल तर डीओएजे या अशा नियतकालिकांच्या सूचीत बघा. हल्ली चांगल्या नियतकालिकांच्या हुबेहूब नकली साइटही निघाल्या आहेत, म्हणून ईमेलमधल्या दुव्यावर न जाता प्रकाशकाच्या मुख्य पानावरून आत शिरा. आणि संपादक मंडळातल्या एखाद्या माणसाच्या विद्यापीठाच्या पानावर त्या नियतकालिकाचा उल्लेख आहे का, हे पाहायला दहा मिनिटं लागतात.

पैशाचं बोलायचं तर वर्गणीवर चालणाऱ्या नियतकालिकात लेखकाला सहसा काही द्यावं लागत नाही. ओपन ॲक्सेसची फी मोठ्या प्रकाशकांकडे हजारो डॉलरमध्ये जाते. जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मुळे सरकारी संस्थांत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं वाचायला मिळतात, पण ही सोय मुख्यतः वाचण्याची आहे. त्यामुळे छापण्याची फी माफ झाली, असं गृहीत धरू नका. भारतीय विज्ञान अकादमीची ‘प्रमाण’ किंवा ‘बुलेटिन ऑफ मटेरियल्स सायन्स’ यांच्याकडे आपली मुलं उगाच नाक मुरडतात. पहिल्या पेपरासाठी ती चांगलीच आहेत.

आणि एका वेळी एकाच ठिकाणी. दोन नियतकालिकांकडे एकदम पाठवून ‘आधी लागेल तिकडे’ हा खेळ उघड झाला, तर दोन्हीकडून पेपर जातो आणि नावही जातं.

नावं आणि क्रम

‘सर, त्यांचंही नाव घालायचं का?’ हा प्रश्न पेपर पूर्ण झाल्यावर विचारला की भांडण ठरलेलं. लेखक कोण, क्रम काय, करस्पॉन्डिंग ऑथर, म्हणजे संपादकाशी पत्रव्यवहार करणारा लेखक, कोण, हे पहिल्या ड्राफ्टच्या आधी गाइडशी बोलून ईमेलवर लिहून ठेवा. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे, म्हणजे आयसीएमजेईचे, चार निकष इतर विषयांतही कामाला येतात : कामात ठोस वाटा, लिखाणात किंवा त्याच्या गंभीर दुरुस्तीत भाग, अंतिम प्रतीला संमती, आणि कामाची जबाबदारी घेण्याची तयारी. चारही हवेत. विभागप्रमुख आहेत म्हणून नाव, हे यात कुठेच बसत नाही. ज्यांनी फक्त उपकरण चालवून दिलं त्यांचे आभार माना. मात्र बीमलाइनवरच्या, म्हणजे सिंक्रोट्रॉनच्या प्रयोगकेंद्रावरच्या, वैज्ञानिकाने डेटाचं विश्लेषणही केलं असेल, तर बाकीचे निकष पूर्ण झाल्यावर तो सहलेखक होतो. सुविधा वापरताना आभारांचा मजकूर कसा हवा हे संस्थाच सांगतात. तो जसाच्या तसा घाला.

आपल्या मराठी नावांची एक वेगळीच गोम आहे. इंदूरात आणि पुण्यात मिळून ‘एस. व्ही. जोशी’ किती असतील, देव जाणे. त्यात कधी वडिलांचं नाव मध्ये, कधी नुसतं आद्याक्षर, लग्नानंतर आडनाव बदललेलं, आणि काही पोर्टलवर मधलं नावच आडनाव होऊन बसतं. यावर उपाय ऑर्किड (ORCID) : १६ अंकी, फुकट आणि आयुष्यभर टिकणारा क्रमांक. पहिला पेपर टाकण्याआधीच तो काढा, नावाचं एक रूप ठरवा आणि ते पुन्हा बदलू नका. करस्पॉन्डन्ससाठी विद्यापीठाच्या ईमेलसोबत असा पत्ताही द्या जो पीएच.डी. संपल्यावर बंद होणार नाही.

पोर्टलवर चढवण्याआधी

नियतकालिकाचं ‘गाइड फॉर ऑथर्स’ छापून घ्या आणि ओळ न ओळ टिक करा. कंटाळवाणं काम आहे, म्हणूनच बरेच जण ते टाळतात आणि दोन दिवसांत फाइल परत येते. फोटोसारख्या प्रतिमा साधारण ३०० डीपीआय, रेषांचे आलेख त्याहून जास्त. एका स्तंभाची फिगर जेमतेम नऊ सेंटिमीटर रुंद छापली जाते, तेव्हा तुमचा आलेख तेवढा लहान करून अक्षरं वाचता येतात का पाहा. ओरिजिन या आलेखांच्या सॉफ्टवेअरमधून जशी निघाली तशी चिकटवलेली फिगर रिव्ह्यूअर लगेच ओळखतो.

साम्य तपासणीचा आकडा हल्ली सगळे मागतात. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, पण संपादक नुसता आकडा बघत नाही, साम्य कुठे आहे ते बघतो. पद्धतीच्या भागात उपकरणाचं वर्णन जुळलं तर कोणी हरकत घेत नाही. चर्चेच्या भागात दुसऱ्याचा सलग परिच्छेद सापडला तर एकूण ४ टक्के साम्यही महागात पडतं.

एमजीएम मेडिकल कॉलेजातल्या किंवा इतर कुठल्याही वैद्यकीय निवासी डॉक्टरांसाठी : एथिक्स कमिटीचा मंजुरी क्रमांक पेपरात लिहावा लागतो, आणि क्लिनिकल ट्रायल असेल तर सीटीआरआय या ट्रायलच्या राष्ट्रीय नोंदवहीत पहिला रुग्ण घेण्याआधी नोंद झालेली हवी. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही, त्यामुळे पेपर लिहायच्या वेळी यावर काहीच करता येत नाही.

एआयने इंग्रजी सुधारून घेतलं असेल, तर नियतकालिकाच्या नियमाप्रमाणे तसं नमूद करा. एआयला लेखक करता येत नाही. त्याने सुचवलेला प्रत्येक रेफरन्स स्वतः उघडून बघा, अस्तित्वात नसलेले पेपर तो अगदी आत्मविश्वासाने देतो.

कव्हर लेटर एका पानाचं पुरे. प्रश्न काय होता, काय सापडलं, ते या नियतकालिकाच्या वाचकाला का हवं. ॲबस्ट्रॅक्ट तिथे पुन्हा चिकटवू नका.

रिव्ह्यूअर सुचवा म्हणतात तेव्हा गाइडचे जुने सहकारी आणि गेल्या काही वर्षांतले सहलेखक वगळा. ज्यांच्या कामावर तुमचा पेपर उभा आहे त्यांचीच नावं द्या, संस्थेच्या ईमेलसह. यात लबाडी करणारे पकडले जातात : २०१७ मध्ये ‘ट्यूमर बायॉलॉजी’तले १०७ पेपर बनावट रिव्ह्यूमुळे एकदम मागे घेतले गेले.

वाट पाहणं

पोर्टलवरच्या ‘विथ एडिटर’ या स्थितीवरून, रिव्ह्यूअरकडे न जाताच, थेट नकार आला, तर त्याला डेस्क रिजेक्ट म्हणतात. त्यात अपमान काही नाही, उलट चार महिने वाचले. ‘अंडर रिव्ह्यू’ दिसलं की रोज लॉगिन करणं थांबवा. ती स्थिती रिव्ह्यूअर सापडला नाही तरी आठवडेच्या आठवडे तशीच राहू शकते. नियतकालिकाने सांगितलेल्या सरासरी वेळेपेक्षा महिनाभर उलटला की संपादकाला तीन ओळींचं नम्र ईमेल लिहा. भौतिकशास्त्रात तोवर पेपर प्रीप्रिंट म्हणून, म्हणजे छापण्याआधीची प्रत म्हणून, अर्काइव्ह (arXiv) या खुल्या संग्रहावर ठेवण्याची पद्धत १९९१ पासून रुळली आहे. इतर विषयांत आधी नियतकालिकाचं प्रीप्रिंटविषयीचं धोरण वाचा.

रिव्ह्यू आला

१९३६ मध्ये आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन यांनी गुरुत्वीय लहरींवरचा पेपर ‘फिजिकल रिव्ह्यू’ला पाठवला. संपादक जॉन टेट यांनी तो रेफरीकडे, म्हणजे रिव्ह्यूअरकडे, दिला आणि रेफरीने त्यात चूक दाखवली. छापण्याआधी कोणा तज्ज्ञाला दाखवायला मी सांगितलं नव्हतं, अशा अर्थाचं चिडलेलं पत्र लिहून आइन्स्टाइननी पेपर मागे घेतला. पुढे तो १९३७ मध्ये दुसऱ्या नियतकालिकात आला, पण निष्कर्ष बदलून, कारण दरम्यान हॉवर्ड रॉबर्टसन यांच्यामुळे तीच चूक लक्षात आली होती. मूळचे रेफरी रॉबर्टसनच होते, हे नियतकालिकाच्या नोंदींतून कित्येक वर्षांनी बाहेर आलं. चिडायची मुभा आइन्स्टाइनना होती. आपल्याला नाही.

म्हणून पत्र वाचा, बंद करा आणि विभागातून बाहेर पडा. राजवाड्यापर्यंत चक्कर मारून या. उत्तर त्या दिवशी लिहायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे आक्षेप एका फाइलमध्ये उतरवा, शब्द न बदलता. त्यांना क्रमांक द्या : पहिल्या रिव्ह्यूअरचे १.१, १.२, दुसऱ्याचे २.१, २.२. एका परिच्छेदात तीन प्रश्न असतील तर तिन्ही वेगळे करा, कारण सुटलेला प्रश्न हे दुसऱ्या फेरीत नकाराचं सगळ्यात सामान्य कारण आहे. मग प्रत्येकापुढे लिहा : फक्त मजकूर बदलायचा, आहे त्या डेटाचं नवं विश्लेषण करायचं, की नवं मोजमाप लागणार. तिसऱ्या प्रकाराचा निर्णय गाइडसोबत पहिल्याच आठवड्यात घ्या. बीमटाइम, म्हणजे सिंक्रोट्रॉनवरचा मोजमापाचा वेळ, प्रस्ताव देऊन मिळतो, मागितल्या दिवशी नाही. मुदत पुरणार नसेल तर ती संपण्याआधी संपादकाला कळवा. वेळेत मागितलेली वाढीव मुदत सहसा मिळते.

उत्तराचा साचा साधा आहे. त्यांचा आक्षेप जसाच्या तसा, खाली तुमचं उत्तर, त्याखाली पेपरात काय बदललं ते पान आणि ओळ क्रमांकासह, आणि बदललेलं वाक्य तिथेच उतरवलेलं. क्रमांक सुधारित प्रतीचे द्या. रिव्ह्यूअरला दोन फाइली मागे-पुढे करत बसावं लागू नये.

सुरुवातीच्या कोबाल्ट मिसळलेल्या झिंक ऑक्साइडच्या उदाहरणावर बघू. रिव्ह्यूअर लिहितो : ‘हे चुंबकत्व कोबाल्टच्या धातुरूप नॅनोकणांमुळे असू शकतं, जे एक्सआरडीमध्ये (क्ष-किरण विवर्तनात) दिसणार नाहीत.’

नेहमी येणारं उत्तर : ‘आमच्या एक्सआरडीमध्ये दुसरी कोणतीही फेज आढळली नाही.’ पण तो तेच तर म्हणतोय, एक्सआरडीत दिसणार नाही म्हणून! असं उत्तर वाचून त्याची खात्री होते की लेखकाला प्रश्नच समजला नाही.

कामाचं उत्तर असं : ‘आक्षेप योग्य आहे, थोड्या प्रमाणातले कण एक्सआरडीतून सुटू शकतात. म्हणून इंडस-२ वर घेतलेला कोबाल्ट के-एजचा एक्झाफ्स डेटा (क्ष-किरण शोषणावरून शेजारच्या अणूंची अंतरं सांगणारा) आम्ही पुन्हा फिट केला. धातुरूप कोबाल्टमध्ये सुमारे २.५ अँगस्ट्रॉमवर अपेक्षित असलेलं कोबाल्ट-कोबाल्ट अंतर त्यात आढळत नाही. मात्र एक्झाफ्स सरासरी माहिती देतं, त्यामुळे अगदी अल्प प्रमाणातले कण यावरून पूर्णपणे नाकारता येत नाहीत. ही मर्यादा पान ७, ओळी १४२ ते १४८ मध्ये जोडली आहे, नवा फिट पुरवणी फाइलमध्ये आहे, आणि ॲबस्ट्रॅक्टमधलं “सिद्ध होतं” काढून “याच्याशी सुसंगत आहे” असं केलं आहे.’

इथे लेखकाने काही गमावलं का? दावा थोडा खाली आला, पण आता तो टिकणारा आहे. माझ्या अनुभवात रिव्ह्यूअरला शरणागती नको असते. आपला प्रश्न कोणी तरी मनावर घेतला, एवढंच त्याला दिसायला हवं असतं.

रिव्ह्यूअरने चुकीचं वाचलं असेल तेव्हा हात शिवशिवतात. ‘हे पान ५ वर आधीच लिहिलं आहे’ असं सुनावू नका. ज्याने विषयात आयुष्य घालवलं तो तिथे अडखळला, तर पुढचा वाचकही अडखळणार. वाक्य दुरुस्त करा आणि लिहा : ‘मूळ मजकूर संदिग्ध होता, तो असा बदलला आहे.’

कधी कधी तुमचंच बरोबर असतं. तेव्हा ठाम राहा, पण कारणासह : हे मोजमाप या नमुन्यावर का शक्य नाही, किंवा ते केल्याने दावा का बदलत नाही. पंधरा आक्षेपांपैकी दोनांना असा नकार दिला तर कोणी हरकत घेत नाही. दहांना दिला, तर संपादकाला लेखक हटवादी वाटू लागतो.

दोन रिव्ह्यूअर एकमेकांच्या उलट सांगतात, एक म्हणतो चर्चा वाढवा, दुसरा म्हणतो कापा. अशा वेळी एक मार्ग निवडा आणि तो का निवडला हे संपादकाच्या पत्रात स्पष्ट लिहा. शेवटी निर्णय त्याचाच असतो. कोणी स्वतःचे पाच-सहा पेपर उद्धृत करायला सांगतो; जे खरंच लागू आहेत तेवढे घ्या, बाकीचे का नाहीत ते सभ्य शब्दांत सांगा, आणि मागणी अवाजवी वाटली तर संपादकाला वेगळं कळवा.

प्रत्येक उत्तराच्या आरंभी ‘रिव्ह्यूअरच्या अमूल्य सूचनेबद्दल शतशः आभार’ नको. एकदा सुरुवातीला पुरे. वीस वेळा वाचल्यावर ते खोटं वाटतं, आणि एआयकडून लिहून घेतलं असेल तर ते लगेच कळतं.

रिजेक्ट झाला तर

अपील फक्त तेव्हाच करा जेव्हा निर्णय दाखवता येण्यासारख्या तथ्यात्मक चुकीवर उभा आहे. ‘रिव्ह्यूअरला महत्त्व कळलं नाही’ हे अपील नव्हे. नाहीतर आक्षेप वापरून पेपर सुधारा आणि दुसरीकडे पाठवा. न सुधारता तसाच पाठवण्यातला धोका हा की विषय लहान असतो, आणि नवा संपादक त्याच रिव्ह्यूअरला विचारू शकतो. त्याला त्याच चुका पुन्हा दिसल्या, की दोन ओळींत निकाल लागतो.

लागल्यावर

प्रूफ, म्हणजे छपाईआधीची तपासायची प्रत, बहुधा ४८ तासांत परत मागतात, नेमकं ते दिवाळीत येतं. नावं, पत्ता, समीकरणातली चिन्हं, फिगरवरची एककं आणि निधीचा क्रमांक एवढं डोळ्यात तेल घालून तपासा. नवे विचार आता घालता येत नाहीत. कॉपीराइटचा करार सही करण्याआधी वाचा : स्वीकारलेली प्रत संस्थेच्या संग्रहात किती महिन्यांनी ठेवता येते आणि तोच मजकूर प्रबंधात वापरता येतो का, हे त्यात असतं. प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहावर जाणार आहे, तेव्हा ही परवानगी कागदावर असलेली बरी.

थोड्याच दिवसांत एखाद्या नियतकालिकाकडून रिव्ह्यू करायचं आमंत्रण येईल. नियतकालिक खरं असेल तर घ्या. मात्र हस्तलिखित गोपनीय असतं. गाइडला दाखवायचं असेल तर आधी संपादकाला विचारा, आणि ते कुठल्याही एआय साधनात चढवू नका.